पहिला चावा

माझ्या धाकट्या बहिणीच्या, यारेत्सीच्या केकवर मी क्रीमचे एकवीस गुलाब काढले आणि सात मेणबत्त्या लावल्या. टोकदार असं काहीच नव्हतं. आईने दोनदा तपासलं. यारेत्सीच्या हृदयाच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते.

तिने मेणबत्त्या विझवल्या, मी त्या काढून घेतल्या. "चावा! चावा!" पाहुणे ओरडले. पहिला चावा हात न लावता घ्यायचा, म्हणून ती केकवर वाकून थांबली. दर वाढदिवसाला मागून डोकं केकमध्ये दाबणारे तिन्ही मामा हात बांधून उभे होते.

"हळूच चाव हं, राणी," चायोमावशी म्हणाली.

"भित्रे कुठले! डॉक्टर म्हणालेत ना, मी बरी झालेय? ढकला की!"

"सरका रे," म्हणत आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

केक कापण्याआधी मी त्यात मोजपट्टी लावली. तिच्या नाकाने पडलेला खड्डा साडेचार सेंटिमीटर खोल होता.