दोन गुरुवारांचा सिलिंडर

ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, दोघे राहत होते तेव्हा गॅसचा एक सिलिंडर दोन गुरुवार पार करीत असे. आता तिथे एकच माणूस राहतो, आणि तोच सिलिंडर दुसरा गुरुवार गाठत नाही.

गुरुवारी गॅसचा ट्रक येतो. हिवाळा काढायला उत्तरेकडून ॲरिझोनाच्या वाळवंटात आलेली म्हातारी माणसे त्या दिवशी ट्रेलरच्या नाकावरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, रिकामे सिलिंडर सोडून रस्त्याच्या कडेला मांडून ठेवतात. प्रत्येक ट्रेलरला दोन सिलिंडर, मधे एक रेग्युलेटर. बहुतेक जण दोन्ही कॉक उघडे ठेवतात. पहिला संपला की रेग्युलेटर आपणहून दुसऱ्यावर जातो. वेन्डेल स्ट्राउड दुसरा बंद ठेवतो. गॅसच्या हीटरमधून गार वारा येऊ लागला की उठायचे आणि बाहेर जाऊन दुसरा उघडायचा. पहिला केव्हा संपला, हे मग अंदाजाने सांगावे लागत नाही. तो आणि लोइस हे आळीपाळीने करीत. लोइस गेल्या उन्हाळ्यात वारली.

त्या सकाळी पहिला सिलिंडर पुन्हा लवकर संपला होता. भरलेल्याचा कॉक क्षणभर उघडून वेन्डेल गुडघ्यांवर बसून नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावीत होता. एकही बुडबुडा उठला नाही.

मागे त्याची मुलगी कोलीन हात खिशात घालून उभी होती. ओमाहाहून ती आपली पिकअप घेऊन आली होती, आणि ट्रेलर तिने मागे जोडूनही टाकला होता.

"बाबा, किती वेळा तपासणार? गळती नाही. चोरी नाही, साखळीला कुलूप आहे. मग राहिलं काय?"

"तेच शोधतोय."

"शेगडी राहिली. तुम्ही ती चालू ठेवता आणि विसरता. एखाद दिवशी झोपेत..." ती थांबली. "दुपारी निघायचं. ट्रेलर विकायचा आणि तुम्ही माझ्याकडे राहायचं. नाहीतर कारण दाखवा मला. खरं कारण. मग मी एकटी परत जाते."

शेजारच्या ट्रेलरमधून आर्डिथ कॉफीचा मग घेऊन आली. तिने नोकरीची सारी वर्षे चित्रपटगृहांच्या वातानुकूलनाचे हिशेब करण्यात घालवली होती. न विचारता सल्ला देणे हा तिचा निवृत्तीनंतरचा एकमेव छंद होता.

"अजून फेसच चाललाय? सिलिंडरची दाढी करतोयस का रे?"

"तुम्हीच सांगा, आर्डिथ," कोलीन म्हणाली. "विसरतात ना हे?"

"कसला विसरतोय! परवाच्या पत्त्यांच्या डावात मी एक्का लपवला होता, त्यावरून अजून टोमणे मारतो मला." आर्डिथ वेन्डेलकडे वळली. "हीटरचा काटा कुठे असतो?"

"बासष्ट फॅरनहाइटवर. लोइसने लावलेला. मी हात लावलेला नाही."

"थंडी?"

"यंदा कमीच आहे."

"दारं, खिडक्या?"

"फटींना नव्या पट्ट्या लावल्यात."

"आणि स्वयंपाक?"

"डब्यातलं सूप गरम करतो. ओव्हनमध्ये पाव भाजायची ती लोइस."

"बघा," कोलीन म्हणाली. "सगळीकडून गॅस कमी लागायला हवा. म्हणून तर म्हणतेय मी."

आर्डिथने एक घोट घेतला. "मग उलटं धरून बघू. गॅस कुठे गेला ते सोड. त्या खोक्याला ऊब आणखी कशातून मिळत होती? मागच्या हिवाळ्यात आत होतं आणि यंदा नाही, असं काय?"

"काही हलवलेलं नाही मी. तिचे कोट, शिवणाचं यंत्र, सगळं होतं तिथेच आहे."

आर्डिथने कॉफीचा मग पायरीवर ठेवला. बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"थिएटरचं गार हवेचं यंत्र किती मोठं हवं ते ठरवताना आम्ही आधी खुर्च्या मोजायचो, वेन्डेल. बसलेलं माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा धरायचा, तेवढी ऊब त्याच्या अंगातून निघते. झोपलेलं असलं तर थोडा कमी."

वेन्डेलच्या हातातल्या ब्रशवरून साबणाचे पाणी ठिबकत राहिले.

आर्डिथने काडी उचलून वाळूत आकडे मांडले: भिंतींची जाडी, सिलिंडरमधला गॅस, धुराड्यातून वाया जाणारा भाग, एक दिवा. उत्तर साधारण पाव सिलिंडर आले. वेन्डेलला कमी पडत होता तोही साधारण तेवढाच. साधारण हा शब्द तिने दोन्ही वेळा उच्चारला, कारण हिशेब अंदाजी होता आणि तो अंदाजी आहे हे सांगणे तिला आवश्यक वाटले.

कोलीन वाकून ते आकडे पाहत होती. तिने दोनदा खालून वर ते तपासले. त्यात शेगडीला जागा नव्हती.

"गळती असती तर जोड बदलता आला असता," वेन्डेल म्हणाला.

"बाबा, जरा बाजूला सरका."

ती खाली बसली. ट्रेलर पिकअपला जोडणारी खीळ तिने काढली आणि टेकूच्या पायाचा दांडा फिरवून ट्रेलरचे नाक उचलले. मग पिकअप हातभर पुढे घेतली. ट्रेलर जागच्या जागी राहिला.

वेन्डेलने ब्रश बादलीत टाकला. रिकाम्या सिलिंडरचा कॉक त्याने बंद केला, आणि रेग्युलेटरचा खटका भरलेल्याकडे वळवून त्याचा कॉक उघडला. आत हीटर पेटल्याचा आवाज आला.

सिलिंडर लवकर संपण्याचे कारण असे होते. ट्रेलर बासष्टवर ठेवण्याचे काम पूर्वी तिघे करीत: हीटर, वेन्डेल आणि लोइस. आता ते दोघांवर आले होते, आणि तिचा वाटा हीटर उचलीत होता.