दाराचा डोळा

"आजही आला होता, काका," मयुरा म्हणाली. तिच्या हातात दारात बसवायच्या मॅजिक आयचं पाकीट होतं. बाजारातून आणून ते फोडायचंही तिला सुचलं नव्हतं.

गोपाळरावांनी चष्मा वर सारला. "काय केलं त्यानं?"

"तेच. कुलुपात किल्ली घालून फिरवून राहिला होता. मी आतून कडी धरून उभी. काहीतरी पुटपुटला आन् गेला निघून."

"कोण आहे म्हणून विचारावं ना वं पोरी."

"तोंडातून आवाजच निघत नाही."

मयुरा त्यांच्या अगदी डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायची. नवरा जितेंद्र काटोलला संत्र्याच्या व्यापारात. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावरच परतायचा. त्याला हे सगळं भास वाटत होतं. दुपारी घरात ती आणि छोटी मिनल. चेहरा दिसला तर पोलिसात सांगता येईल, नाहीतर मिनलला घेऊन मी नरखेडला आईकडे चालले, परत येणार नाही, असं तिनं त्याला बजावलं होतं.

गोपाळरावांनाही धास्ती बसली होती. बायको शोभाताई लेकीकडे गेलेल्या, घरात ते एकटेच. चोर कडी तोडतो, पहार आणतो. पण हा किल्ली घेऊन येत होता. जेवण झालं की ते आता दोन्ही कड्या लावून घ्यायचे.

"जिन्यात कोणी दिसलं काय तुम्हाले?"

"दुपारी माझा डोळा लागते वं. उठलो की दूध आणाले जातो. वाटेत तर कोणी भेटत नाही."

मागच्या खोलीत त्यांचं उभं ड्रिल मशीन होतं. आयटीआयमध्ये जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नव्हते.

"हे भोक तू पाड," ते म्हणाले. "हात चालला की भीती कमी होते."

"मी? आन् तिरकं गेलं म्हणजे?"

"हातातल्या मशीननं जातेच तिरकं. मग त्यातून माणूस दिसत नाही, भिंत दिसते. म्हणून आधी इथं एका ठोकळ्यात सरळ भोक पाडू. तो ठोकळा दारावर आवळून बसवला की ड्रिलचा बिट त्याच्यातूनच जाईल, इकडंतिकडं हलणार नाही."

त्यांनी सागाचा ठोकळा दिला. मयुरानं पेन्सिलीनं फुली मारली. फुलीच्या मधोमध पंच टेकवून हातोडीचा एक ठोका दिला.

"हा खड्डा काहून पाडला?" त्यांनी विचारलं.

"बिट घसरू नये म्हणून."

"शाब्बास. आता गुण्या लाव. मशीनचा टेबल बिटशी काटकोनात पायजे. डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही."

ठोकळ्याखाली टाकाऊ फळी ठेवून तो शिकंज्यात आवळला. आधी बारीक बिट, मग मोठा. मशीन घरघरलं तशी मयुरा दचकली.

"दाबू नको. थोडं खाली, मग वर. भुसा बाहेर येऊ दे. आन् खाली फळी ठेवायची, नाहीतर भोकाची कड फाटते."

"फळी ठेवली ना, काका. मघाशी तुम्हीच सांगितलं."

गोपाळराव क्षणभर फळीकडे पाहत राहिले. "मास्तरची सवय," ते हसले. "पक्कं व्हावं म्हणून दोनदा सांगतो."

संध्याकाळी दोघांनी वर जाऊन ठोकळा दारावर आवळला. बारीक बिटचं टोक पलीकडे निघताच गोपाळरावांनी थांब म्हणून हात वर केला. मोठ्या बिटनं अर्धं भोक बाहेरून, अर्धं आतून, म्हणजे दाराचा पापुद्रा निघत नाही. मॅजिक आयची नळी जराही न अडकता आत सरकली. मयुरानं डोळा लावून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैलावला.

"येऊ दे आता त्याले," ती म्हणाली.

"दार मात्र उघडू नको. फक्त पाहायचं."

दुसऱ्या दिवशी झोपेतून उठून गोपाळराव दूध घेऊन आले. जिना चढताना दम लागला, जरा जास्तच. दाराशी येऊन त्यांनी किल्ली घातली. फिरेना. काढून पुसली, पुन्हा घातली.

"कुलूप बदललं की काय," ते पुटपुटले.

आणि जागीच थिजले. दारापलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

घरात तर कोणीच नव्हतं. म्हणजे त्या माणसानं आज वरचं घर सोडलं होतं. तो आपल्या घरात शिरला होता आणि आतून कडी लावून उभा होता. मयुराला हाक मारावी तर आतला सावध होईल.

त्यांची नजर दारावर गेली. मधोमध काचेचा एक डोळा होता. आपल्या दाराला हा कधी बसवला? बसवणाऱ्यानं भोक मात्र फार नेमकं पाडलं होतं. कड कुठंच फाटली नव्हती.

ते वाकून पाहू लागले, तशी काच काळी झाली. आतून कोणीतरी डोळा लावला होता.

"मिनल, मागं हो," आत बाईचा आवाज आला.

मग तोच आवाज, दाराच्या अगदी जवळून, हळू.

"काका, रोज तुम्हीच येता काय?"