कालव्यावरचं आरमार

"समुद्र आपल्या रक्तातच आहे!" भाड्याच्या लांबुळक्या बोटीचं सुकाणू हातात घेत बापूराव टिपणिसांनी इंग्लंडातल्या त्या कालव्यावर जाहीर केलं. तेवढ्यात काठाने कुत्रं फिरवणारी एक म्हातारी आम्हाला मागे टाकून गेली.

"बोट एकदा जरी आपटली, तरी सुकाणू माझं," कुमुदवहिनींनी बजावलं. घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा हाती न आलेल्या बापूरावांनी ही सत्ता दुपारपर्यंत जिवापाड जपली. बोट कुठे घासूसुद्धा दिली नाही.

मग समोर दगडी पूल आला आणि ते एकदम दचकले. "अरे, जलदेवतेला नारळ राहिलाच की!" मला आत पिटाळून त्यांनी स्वयंपाकघरातला नारळ मागवला, दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि मनोभावे पाण्यात सोडला.

मग सुकाणू कोणाच्या हातात होतं, हे बोटीने थेट पुलालाच जाऊन विचारलं. आम्हा सगळ्यांचा चहा आमच्याच मांडीवर आला.

बापूराव सुकाणूपासून बाजूला झाले. वहिनींनी बोट सरळ केली आणि पाण्याकडे पाहिलं.

"कॅप्टन, तो नारळ तरंगतोय. तेवढा काढून द्या, चटणीला आणलाय."