दिवेलागण

"आई, बाबांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. त्यांना गोल्फ खेळायला नॉर्वेला कशाला नेतेस?" मुलगा चिडलाच.

मी नकाशात नॉर्वेचं पार वरचं टोक दाखवलं. "इथे जायचंय. जूनमध्येच."

ह्यांच्या हातात गोल्फची स्टिक आली की फटका अजून सरळ जातो. उजेड असेपर्यंत मी त्यांची शरयू असते. दिवेलागणीला मात्र ते घाबरेघुबरे होतात, माझ्यापुढे हात जोडतात आणि म्हणतात, "बाई, मला माझ्या घरी सोडा." वर्ष झालं, देवापुढचा दिवाही मी दुपारीच लावून घेते.

"तिथे तेव्हा सूर्य मावळतच नाही," मी म्हणाले.

मग व्हिसाचा फॉर्म पुढ्यात ओढून त्याने विचारलं, "किती दिवस?"

"दहा. दहा दिवस ते मला बाई म्हणणार नाहीत."