बाईजाचा फोटो
शहापूरच्या कचेरीतले कारकून अनंतराव टिपणीस हौसेनं फोटो काढत आणि फुकट वाटत. पण १९४३ साली लढाईमुळे फिल्म इतकी महागली, की पैसे घेतल्याशिवाय कॅमेरा चालवणं त्यांना जमेना. पैसे देऊन फोटो काढून घेणारी पहिली आली ती तानशाकडच्या पाड्यावरची म्हातारी बाईजा. पलटणीत गेलेल्या तिच्या मुलानं, देवजीनं, आईचा फोटो मागवला होता. फोटो तयार झाल्यावर अनंतरावांनी तो तिच्या हातात दिला आणि नजर चुकवत म्हणाले, "आठ आणे पडतील, बाई." बाईजा फोटोकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "भाऊ, ही तर माझी आय! माजं लगीन झालं नं ती गेली. तिचं तोंड मी इसरत चालले होते." "अहो, या तुम्हीच आहात." "मीच हाय, पन आयबी हाय." तिनं पदराची गाठ सोडून अख्खा रुपया टेबलावर ठेवला. अनंतराव आठ आणे परत करू लागले, तेव्हा तिनं हात मागे घेतला. "नाय भाऊ. एका फोटूत दोघी आल्या, दोघींचं घ्या." अनंतरावांनी तो रुपया कपाळाला लावला. रविवारी ते स्वतः पाड्यावर गेले, त्याच फोटोची आणखी एक प्रत घेऊन. "पहिला देवजीला पाठवा," ते म्हणाले, "आणि या तुमच्या आईला तुमच्याजवळ ठेवा."