भिंतीवरची फुप्फुसं

रेडिओलॉजीच्या एम.डी.च्या वर्गात आलेल्या केरबा मगदुमांना कुणीच ओळखलं नाही.

"आभार मानायला आलोय," ते म्हणाले.

"कसले, काका?" शर्वरीनं विचारलं.

केरबांनी नुसता खोल श्वास घेतला. समोरच्या भिंतीवर, मुलं दोन वर्षं रोज अभ्यासत होती ती जिवंत फुप्फुसं त्याच क्षणी फुगली.

मुलांना शिकता यावं म्हणून, शरीराच्या आतलं सगळं थेट या भिंतीवर दाखवणारी चकती अंगात बसवून घेणारा माणूस हाच! गेल्या महिन्यात याच भिंतीवर शर्वरीला त्यांच्या पोटरीत रक्ताची गुठळी दिसली होती, आणि नाव-चेहरा माहीत नसतानाही, नोंदीतल्या नंबरवर फोन करून तिनं त्यांना वेळेत दवाखान्यात धाडलं होतं.

सगळा वर्ग उठून उभा राहिला.

"पोटरी बरी आहे ना, सर?" शर्वरीनं विचारलं.

एसटीची चाकं बदलण्यात जन्म घालवलेले केरबा मागे वळून बघू लागले, कोणते सर आलेत ते.