जोर

उघड्या गाडीच्या कापडी छताला बावीस टिचबटणं बसवायची होती आणि गाड्यांची छतं शिवण्यात हयात घालवलेल्या बाबांचा धड हात एकच उरला होता, तोही वाळत चाललेला. हातोडी पेलवेना, म्हणून लेकीने जुन्या जॅकच्या दांड्यापासून एक दाबयंत्र बनवून दिलं. बाबा रोज जेमतेम दोन बटणं बसवत.

“बघ पोरी, कालच्यापेक्षा हलकं गेलं! हात परत येतोय. पुढच्या छताला तुझं हे खेळणं नकोच मला.”

“मग भंगारात घालू की, बाबा.”

ते जेवायला गेले की लेक, दांडा ज्यावर टेकून फिरतो ती खीळ, भोकांच्या रांगेत एक भोक बटणाकडे सरकवायची, म्हणजे उद्या आणखी कमी जोर लागेल.

आज खीळ सरकवायला पुढे एकच भोक उरलं होतं.